लाकडी फ्लोअरवर स्टोव्ह ठेवायचाय? स्वस्त आणि वजनाला हलका ‘हर्थ पॅड’ असा बनतो

बाहेर गुडघाभर बर्फ, आत काचेच्या दारामागे पेटलेली लाकडं आणि समोर सॉक्स घालून पसरलेले पाय. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या एखाद्या मित्राने टाकलेला असा फोटो हिवाळ्यात तुमच्याही फीडवर आला असेल. लाइक करणाऱ्यांपैकी फार कमी जणांचं लक्ष त्या स्टोव्हच्या पायांखाली जातं.

नीट बघितलं तर तिथे टाइल्सचा किंवा पत्र्याचा एक चौकोन दिसतो. घराचा सांगाडा लाकडाचा, जमीन लाकडाची, आणि त्यावर पावणेदोनशे-दोनशे किलोची लोखंडी पेटी, जिच्यात रात्रभर आग जळणार आहे. आग आणि घर यांच्यामध्ये काय आहे? तर तो चौकोन. त्याला हर्थ पॅड म्हणतात. हर्थ म्हणजे चुलीची जागा.

आपल्याकडे चूल मातीच्या सारवलेल्या जमिनीवर असायची, नंतर शहाबादी फरशीवर आली. दोन्हीपैकी काहीच पेट घेत नाही, त्यामुळे चुलीखाली काय घालायचं हा प्रश्नच कुणाला पडला नाही. जुन्या वाड्यांच्या माडीवर लाकडी तुळया आणि फळ्या असायच्या, पण त्यांच्यावरही मातीचा जाड थर असायचा. उत्तर अमेरिकेतल्या घरांमध्ये तो थर नसतो. ओक किंवा मेपलच्या पट्ट्या, त्याखाली प्लायवूड, त्याखाली लाकडी जॉइस्ट. वरपासून खालपर्यंत सगळं जळाऊ.

रेडिमेड हर्थ पॅड विकत मिळतात, पण त्यासाठी काही शे डॉलर मोजावे लागतात आणि हवा तो आकार मिळेलच असं नाही. म्हणून बरेच जण स्वतः बनवायला घेतात. यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातल्या अनेकांमध्ये टाइल कशी बसवायची हे पंधरा मिनिटं दाखवतात आणि टाइलच्या खाली काय आहे ते पंधरा सेकंदांत उरकतात. खरं काम मात्र टाइलखालीच चालतं.

ठिणगी वेगळी, धग वेगळी

स्टोव्हपासून लाकडी जमिनीला दोन धोके असतात आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिला धोका ठिणगीचा. लाकूड घालायला दार उघडलं आणि एखादा निखारा बाहेर उडाला, किंवा राख काढताना आत दडलेला जिवंत निखारा खाली पडला. हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे सगळ्यांना याचीच भीती वाटते. याच्यावरचा उपाय सोपा आहे. जळणार नाही असा अखंड पृष्ठभाग हवा. एक पत्रासुद्धा चालतो.

दुसरा धोका धगीचा, आणि तो दिसत नाही. स्टोव्हच्या तळातून उष्णता खाली जमिनीकडे जात राहते. लाकूड पेटायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. स्टोव्हखालची जमीन एवढी तापत नाही, म्हणून पहिल्या हिवाळ्यात काहीच होत नाही. पण महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लाकूड शेकलं गेलं की ते आतून सुकतं, तपकिरी होतं, हळूहळू कोळशाकडे झुकायला लागतं. या प्रक्रियेला पायरोलिसिस म्हणतात. असं लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. म्हणजे तोच स्टोव्ह, तेच घर, तीच रोजची आग. चार वर्षं काही झालं नाही आणि पाचव्या वर्षी जमिनीखालून धूर आला, असं होऊ शकतं. त्यात वरून छान टाइल लावलेली असेल तर खालचं लाकूड काळं पडतंय हे कळायला मार्गच नसतो.

‘आमच्याकडे इतकी वर्षं असंच आहे, काही झालं नाही’ हा दाखला म्हणूनच या बाबतीत उपयोगाचा नाही.

आधी मॅन्युअल, मग दुकान

तुमच्या स्टोव्हला नुसतं ठिणगीपासून संरक्षण पुरेल की धगीपासूनही लागेल, हे अंदाजाने ठरत नाही. प्रमाणित स्टोव्हच्या मॅन्युअलमध्ये ते छापलेलं असतं. स्टोव्हच्या मागे एक धातूची पट्टी असते, तिच्यावरही जळाऊ वस्तूंपासूनची अंतरं आणि बऱ्याचदा जमिनीच्या संरक्षणाची अट लिहिलेली असते. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ सापडते.

अनेक नव्या स्टोव्हच्या तळाशी आतूनच चांगलं इन्सुलेशन असतं. त्यांना फक्त ‘एम्बर प्रोटेक्शन’ म्हणजे ठिणगीपुरतं संरक्षण लागतं. तुमचा स्टोव्ह यात असेल तर तुमचं काम स्वस्तात सुटलं. सिमेंट बोर्डाचा एक थर आणि त्यावर टाइल, किंवा मॅन्युअल परवानगी देत असेल तर २४ गेजचा सलग पत्रा. (गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २६ गेज म्हणजे ‘जास्त चांगला’ असं समजून घेणारेही असतात.) चार बाय चार फुटांचा २४ गेज पत्रा साधारण आठ किलोचा असतो. याहून हलका पॅड होणं अवघड.

मॅन्युअलमध्ये ‘थर्मल प्रोटेक्शन’ किंवा ‘आर व्हॅल्यू’ असा शब्द आणि शेजारी आकडा दिसला, तर मात्र गणित करावं लागतं.

आर व्हॅल्यू: टाइल इथे जवळजवळ शून्य

आर व्हॅल्यू म्हणजे एखादा थर उष्णतेला किती अडवतो याचं माप. आकडा जितका मोठा, तितका अडथळा जास्त. थरावर थर ठेवले की त्यांचे आर सरळ एकमेकांत मिळवायचे. बेरीज मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त भरली पाहिजे.

समजा, स्टोव्हला आर १.५ लागतो. आता दुकानात काय मिळतं ते बघू.

सगळ्यात आधी वीट, कारण सगळ्यांच्या डोक्यात तीच येते. साध्या विटेचा आर इंचाला ०.२ च्या आसपास असतो. दोन इंच जाडीच्या विटांचा थर दिला तर भरला फक्त ०.४. दीड गाठायला साडेसात इंचांचा विटांचा ओटा बांधावा लागेल. टाइलची अवस्था त्याहून वाईट. पाव इंचाच्या टाइलचा आर ०.०२ च्या जवळपास, म्हणजे हिशोबात न धरला तरी चालेल. पत्र्याचा शून्यच.

अर्धा इंच सिमेंट बोर्ड घेतला तर कंपनीनुसार ०.२ ते ०.४ मिळतात. स्टोव्हच्या मॅन्युअल्समध्ये बऱ्याचदा दिसणारा आकडा ०.२६ आहे. त्या हिशोबाने १.५ साठी सहा थर लागतील. जाडी तीन इंच, आणि चार बाय चारच्या पॅडचं वजन शंभर किलोच्या वर.

आता खनिज तंतूंचा बोर्ड घ्या. अमेरिकेत या कामासाठी ‘मायकोर ३००’ हे नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं. अर्धा इंच जाडीला त्याचा आर १.०३ धरतात. चार बाय चारचा तुकडा उचलून बघितला तर पाच किलोच्या आसपास भरतो. त्यावर सिमेंट बोर्डाचे दोन थर टाकले की १.०३ अधिक ०.५२, म्हणजे १.५५. काम झालं. जाडी दीड इंच, वजन चाळीस-बेचाळीस किलो.

साडेसात इंच वीट आणि दीड इंच बोर्ड, अडथळा जवळपास तितकाच. जड वस्तू उष्णता जास्त अडवते हा आपला समज इथे साफ चुकतो. उष्णता अडते ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. गोधडी आणि स्वेटर याच तत्त्वावर ऊब देतात.

गणितात एक फसवी जागा आहे. काही मॅन्युअल्स आर देत नाहीत, ‘के’ किंवा ‘सी’ देतात. के हा एक इंच जाडीतून उष्णता किती सहज जाते याचा आकडा, त्यामुळे तो जितका लहान तितकं चांगलं. जाडीला के ने भागलं की आर मिळतो. सी असेल तर एकाला सी ने भागायचं. उदाहरणार्थ, मॅन्युअलमध्ये के ०.८४ आणि जाडी एक इंच लिहिली असेल तर लागणारा आर १.१९. शिवाय युरोपातल्या कंपन्या मेट्रिक एककात आकडे देतात. तिथला १ म्हणजे अमेरिकेतला ५.६८. हे दोन एकमेकांत मिसळले तर पॅड पाचपट चुकतो.

वजनाचा एवढा विचार का?

एक कारण साधं आहे. उद्या जमीन पॉलिश करायची झाली, घर विकायचं झालं किंवा स्टोव्ह काढायचा झाला, तर पॅड दोन माणसांना उचलता यावा.

दुसरं कारण जमिनीखालचं. अमेरिकेत बैठकीच्या खोलीची जमीन साधारणपणे दर चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे अठरा किलो वापराचं वजन पेलेल अशा हिशोबाने बांधतात. १८० किलोचा स्टोव्ह आणि खाली चार बाय चार फुटांत दोन इंची विटा, ज्यांचं वजन १४५ किलोच्या घरात जातं, असं धरलं तर चौरस फुटाला वीस किलो होतात. याने लगेच जमीन खचत नाही, कारण तो हिशोब सगळ्या खोलीचा असतो. पण हे वजन पाहुण्यांसारखं येऊन जाणारं नाही, ते त्याच जागी वर्षानुवर्षं बसणार आहे. जुन्या घरात जॉइस्ट आधीच वाकलेले असतील तर फरक पडतो. वर सांगितलेला बोर्डांचा पॅड, खाली प्लायवूड आणि वर पत्रा धरून साठ किलोच्या आसपास जातो. मग चौरस फुटाला पंधरा किलो होतात.

माप कुठून घ्यायचं

पॅड स्टोव्हच्या बाहेर किती यायला हवा, हे पण मॅन्युअल सांगतं. अमेरिकेत दारासमोर १६ इंच आणि बाजूंना ८ इंच हे आकडे नेहमी दिसतात, कॅनडात समोर १८ इंच आणि बाकीच्या बाजूंना ८. खरी गोम ही की हे अंतर स्टोव्हच्या कडेपासून मोजायचं की दाराच्या उघड्या भागापासून, हे मॉडेलनुसार आणि देशानुसार बदलतं. आकृती बघितल्याशिवाय टेप लावू नये.

२४ इंच रुंद आणि २२ इंच खोल स्टोव्ह धरला, तर कॅनडाच्या मापाने खोली २२ अधिक १८ अधिक ८, बरोबर ४८ इंच होते. चार फूट. कडेला शोभेसाठी लाकडी पट्टी लावणार असाल तर ती या मापाच्या बाहेर हवी. धुराड्याचा पाइप भिंतीकडे आडवा जात असेल तर त्याच्याखालीही संरक्षण लागतं, पाइपच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त. ही ओळ बहुतेकांच्या वाचनातून निसटते.

बांधणी

कार्पेट असेल तर तेवढ्या जागेतला कापून काढावा लागतो. पॅड थेट जमिनीवर बसतो, पण तिला चिकटवायचा किंवा स्क्रूने जखडायचा नाही. लाकूड उन्हाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं. जखडलेल्या पॅडच्या टाइल्स मग तडकतात. खाली एक जाड कागद अंथरला की पॉलिशवर ओरखडे येत नाहीत. भाड्याच्या घरात तर हे हवंच, अर्थात घरमालकाची लेखी परवानगी आधी.

तळाला अर्धा इंच प्लायवूड. हे फक्त स्क्रू धरण्यासाठी आहे. प्लायवूडही लाकूडच, त्यामुळे त्याचा आर बेरजेत धरायचा नाही. संपूर्ण आर प्लायवूडच्या वर भरला पाहिजे. व्हिडिओंमध्ये सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

त्यावर खनिज तंतूंचा बोर्ड. हा मऊ असतो, नखाने खड्डा पडतो, त्यामुळे स्टोव्हचे पाय थेट त्याच्यावर येता कामा नयेत. म्हणून वर सिमेंट बोर्डाचे दोन थर, जे पायांवर एकवटलेलं वजन पसरवतात. सिमेंट बोर्ड बहुतेक तीन बाय पाच फुटांच्या शीटमध्ये येतो. चार बाय चारसाठी एका शीटमधून तीन बाय चारचा मोठा तुकडा आणि तीन बाय एकची पट्टी निघते, कमी पडतो फक्त एक फुटाचा चौकोन. म्हणून दोन थरांना तीन शीट पुरतात. दुसरा थर पहिल्याच्या काटकोनात फिरवून ठेवायचा, म्हणजे सांधे एकमेकांवर येत नाहीत.

बोर्ड करवतीने कापला तर सिलिकाची धूळ उडते आणि ती फुप्फुसांसाठी वाईट असते. त्यापेक्षा कार्बाइडच्या सुरीने पट्टी लावून दोन-तीन वेळा खोल चर पाडायचा आणि गुडघ्यावर मोडायचा. सरळ तुटतो. तरी हे काम अंगणात, मास्क लावून केलेलं बरं.

सगळ्यात वर पत्रा किंवा टाइल. पत्रा हलका आणि स्वस्त. कडा खाली दुमडून घ्याव्यात, नाहीतर पायाला कापतात. टाइल लावायची तर सिमेंटचं थिनसेट वापरायचं. डब्यात तयार मिळणारं डिंकासारखं अॅढेसिव्ह उष्णतेने मऊ पडतं. सांधे ग्राउटने पूर्ण भरायचे. नुसत्या फरश्या शेजारी-शेजारी मांडून ठेवल्या तर निखारा फटीत जाऊन बसतो आणि पॅड असूनही नसल्यासारखा होतो. टाइलचा थर तीस किलोंच्या आसपास वजन वाढवतो, हेही लक्षात असू द्या.

काही जण बोर्डांच्या खाली लोखंडी स्टड आडवे टाकून हवेची पोकळी ठेवतात. पोकळी उपयोगी असते, पण तिला किती आर मोजायचा हे मॅन्युअलवर आणि तपासणाऱ्यावर अवलंबून. मॅन्युअलमध्ये पोकळीचा उल्लेख नसेल तर तिला शून्य धरून गणित जुळवावं.

पॅड आधी, धुराड्याचा पाइप नंतर. पाइप बसवल्यावर दीड-दोन इंचांचा पॅड खाली सरकवायला गेलं की पाइपची सगळी मापं चुकतात.

काय वापरायचं नाही

ड्रायवॉल, म्हणजे आपला जिप्सम बोर्ड. त्याच्यावर कागद असतो आणि सतत शेकला गेला की जिप्सममधलं पाणी निघून तो भुसभुशीत होतो.

जुना, फुकट मिळालेला ‘स्टोव्ह बोर्ड’ही नको. १९८० च्या आधीच्या अशा बोर्डांमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची बरीच शक्यता असते. तो कापू नका, घासू नका. भारतात हा व्हिडिओ बघून कुणी घराच्या छपराचा उरलेला सिमेंटचा पत्रा वापरायच्या विचारात असेल, तर त्यातही अनेकदा अॅस्बेस्टॉसच असतं. नावात सिमेंट आहे एवढ्याने तो सिमेंट बोर्ड होत नाही.

लेबल नसलेला स्टोव्ह

आजोबांच्या काळातला, गॅरेज सेलमध्ये मिळालेला किंवा लोहाराकडून बनवून घेतलेला स्टोव्ह असेल तर हलक्या पॅडचा बेत सोडून द्यावा लागतो. स्पितीच्या होमस्टेमध्ये खोलीच्या मधोमध असतो त्या पत्र्याच्या ‘तंदूर’चीही हीच गोष्ट. त्याचा तळ किती तापतो हे कुणी प्रयोगशाळेत मोजलेलंच नसतं.

अमेरिकेच्या एनएफपीए २११ या मानकात अशा स्टोव्हसाठी नियम आहेत आणि ते स्टोव्हच्या पायांच्या उंचीवर ठरतात. पाय सहा इंचांपेक्षा उंच असतील तर दोन इंच जाडीचं विटांचं किंवा दगडाचं बांधकाम आणि त्यावर २४ गेजचा पत्रा. पाय दोन ते सहा इंच असतील तर चार इंचांचे पोकळ ब्लॉक, आतून हवा खेळेल असे रांगेत लावलेले, आणि वर पत्रा. दोन इंचांपेक्षा कमी असतील तर लाकडी जमिनीवर तो स्टोव्ह ठेवायचाच नाही. संरक्षण सगळ्या बाजूंनी १८ इंच. इथे वजन वाचवायला जागा नाही.

ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी आहे. स्टोव्हमुळे खालची जागा १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही असं कंपनी सांगत असेल, तर १२ मिलिमीटरची न जळणारी लादी किंवा काच पुरते. तसं नसेल तर १२५ मिलिमीटरचं पक्कं बांधकाम लागतं.

कागदपत्रं आणि पहिली आग

अमेरिकेत अनेक ठिकाणी स्टोव्ह बसवण्यासाठी स्थानिक बिल्डिंग विभागाचा परवाना लागतो. कॅनडात विमा कंपन्या बऱ्याचदा ‘वेट’ प्रमाणित तपासनीसाचा अहवाल मागतात. घरी बनवलेला पॅड चालतो, पण आत काय आहे हे सिद्ध करावं लागतं आणि टाइल लावल्यावर आतलं दिसत नाही. म्हणून प्रत्येक थर टाकताना त्यावर टेप ठेवून फोटो काढायचा, बोर्डांची बिलं आणि कंपनीचं आर व्हॅल्यूचं पत्रक जपून ठेवायचं. आग लागली आणि विम्याचा दावा करायची वेळ आली, तर ‘यूट्यूबवर बघून केलं’ हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

पहिले दोन-तीन दिवस लहान आग करून घरातच थांबा. तळघर असेल तर स्टोव्हच्या बरोबर खाली जाऊन छताच्या लाकडाला हात लावून बघा. ते कोमट लागलं तरी मॅन्युअल पुन्हा उघडायची वेळ झाली. पॅडच्या कडेच्या जमिनीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघता येतं, पण पॅडच्या मधोमध खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

दर वसंतात धुराडं साफ करायला स्टोव्ह सोडवला जातो, तेव्हा पॅडचा एक कोपरा उचलून बघावा. साठ किलोचा पॅड दोघांना सहज कलता येतो. खालचा कागद पिवळा-तपकिरी पडला असेल किंवा ओकचा रंग बाजूच्या जमिनीपेक्षा गडद दिसत असेल, तर पुढच्या हिवाळ्यात त्या स्टोव्हमध्ये काडी ओढण्याआधी पॅड नव्याने बांधावा लागेल.